बारावी कॉमर्सनंतर इंग्लंड : 'बिझनेस अँड डिजिटल टेक्नॉलॉजी' फाउंडेशन इयरसकट घ्यावं का?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. लेकीसाठी विचारतेय.

गेल्या वर्षी तिची बारावी झाली. कॉमर्स, महाराष्ट्र बोर्ड, ६१ टक्के. गणित सोडून एसपी (सेक्रेटरीअल प्रॅक्टिस) घेतलं होतं. सध्या सांगलीतच एफवायबीकॉम करतेय, पण मन रमत नाही. तिला धंद्याची बाजू हवी आणि कॉम्प्युटरचीही. दिवसभर कोडिंग नको, पण नुसती खतावणीही नको. शोधता शोधता तिला इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाचा 'बिझनेस अँड डिजिटल टेक्नॉलॉजी विथ फाउंडेशन इयर' असा चार वर्षांचा बीएस्सी सापडला, म्हणजे डिग्रीच्या तीन वर्षांआधी एक तयारीचं वर्ष. सप्टेंबर २०२६ ला सुरू होतो.

पुण्यातले एक कन्सल्टंट म्हणतात, "या मार्कांना फाउंडेशनच मिळेल. जागा भरत आल्यात, या आठवड्यात पैसे भरा." माझे दीर म्हणतात, बारावी पास पोरीला परत बारावीत बसवायला एवढे पैसे कोण घालतं? मला त्यांचंही पटतं आणि तिचा उतरलेला चेहराही बघवत नाही.

त्या एका वर्षात नक्की शिकवतात काय? आणि त्याची खरंच गरज असते का?

वडाचं_पान

वाचतोय. पुतण्याचं हेच चाललंय.

लेस्टरवासी

ताई, आधी चार गोष्टी सांगा. दहावीला गणितात किती? बारावीला इंग्रजीत किती? फाउंडेशनचं वर्ष विद्यापीठ स्वतः शिकवतं की दुसरं एखादं कॉलेज? आणि ऑफर लेटरवर चार वर्षांचा एकच कोर्स लिहिलाय की १ + ३?

कृष्णाकाठ

दहावी गणित ७८, बारावी इंग्रजी ६७. ऑफर अजून नाहीच, अर्जही गेलेला नाही. कन्सल्टंट म्हणतात आधी ५० हजार भरून नाव नोंदवा, मग पुढचं बघू. कोण शिकवतं ते विचारलं नव्हतं.

लेस्टरवासी

मग पैसे भरू नका. ऑफर हातात नसताना डिपॉझिट कसलं? अर्ज यूकॅस या तिथल्या सामायिक प्रवेश-वेबसाइटवरून घरबसल्या करता येतो, एका अर्जात पाच कोर्स निवडता येतात. शिवाय बरीच विद्यापीठं परदेशी मुलांचे अर्ज स्वतःच्या वेबसाइटवर थेट घेतात. कन्सल्टंट वाईटच असतात असं नाही, पण त्यांना कमिशन विद्यापीठाकडून मिळतं. ज्यांच्याशी करार तीच नावं ते पुढे करणार, एवढं डोक्यात ठेवून ऐकायचं.

आता फाउंडेशनचं. तिकडची मुलं तेरा वर्षं शाळा करून विद्यापीठात येतात, आपली बारा. पूर्वी या फरकामुळे आपल्या मुलांना सर्रास फाउंडेशन सांगायचे. आता तसं राहिलेलं नाही. बारावी थेट धरणारी विद्यापीठं भरपूर आहेत आणि त्यातली बरीच महाराष्ट्र बोर्डही धरतात. अगदी नामांकित ठिकाणी ८० च्या पुढे लागतात किंवा स्टेट बोर्ड चालतच नाही, पण मधल्या फळीत ६०-६५ ला थेट पहिल्या वर्षात घेणारी विद्यापीठं आहेत. बिझनेसच्या कोर्सला बारावीचं गणित बहुतेक ठिकाणी मागत नाहीत, दहावीचं पुरतं. त्यात तिला ७८ आहेत. म्हणजे 'फाउंडेशनच मिळेल' हे वाक्य मला तरी तपासल्याशिवाय पटत नाही.

तेव्हा पहिलं काम : त्याच विद्यापीठाचा तोच कोर्स फाउंडेशनशिवाय तीन वर्षांचा आहे का बघा. बहुतेक असतोच. त्याच्या पानावर 'तुमचा देश' निवडून भारत उघडा आणि स्टेट बोर्डाची अट वाचा. शंका राहिली तर अ‍ॅडमिशनला मार्कशीट जोडून ईमेल करा. हे फुकट आहे.

दुसरं, फाउंडेशन दोन जातींचं असतं. एक, डिग्रीतच गुंफलेलं. चार वर्षांचा एकच कोर्स, एकच कॅस (व्हिसासाठी विद्यापीठ देतं ते प्रवेशाचं प्रमाणपत्र), एकच व्हिसा. दुसरं, पाथवे कॉलेजातलं. आधी वर्षभराचा स्वतंत्र कोर्स, तो ठरलेल्या मार्कांनी पार पडला की विद्यापीठात प्रवेश. दुसऱ्या प्रकारात साधारणपणे दोनदा व्हिसा आणि दोनदा खर्च. त्या कोर्सचा दर्जा डिग्रीच्या खालचा म्हणून व्हिसासाठी इंग्रजीची परीक्षा व्हिसा खात्याने मान्य केलेलीच लागते, आयएल्ट्स द्यायची तर तिचा यूकेव्हीआय प्रकार, आणि टर्ममध्ये काम आठवड्याला १० तासच करता येतं. डिग्रीवाल्यांना २० तास. पहिल्या प्रकारात व्हिसा डिग्रीचा असल्यामुळे सहसा २० मिळतात, तरी ई-व्हिसावर काय लिहिलंय तेच खरं.

अर्धाकप

मी हेच करून आलोय. नाशिक, बारावी सायन्सला ५२ टक्के, म्हणजे मला दुसरा पर्यायच नव्हता. गुंफलेलं फाउंडेशन घेतलं, नंतर बिझनेस इन्फर्मेशन सिस्टिम्स. आता बर्मिंगहॅमला एका लॉजिस्टिक्स कंपनीत डेटा अ‍ॅनालिस्ट आहे. काकू, तुमच्या दिरांना 'पुन्हा बारावी' वाटतं ते कागदावर बरोबर आहे. फाउंडेशन लेव्हल ३ ला, म्हणजे तिथल्या शाळेच्या शेवटच्या ए-लेव्हल परीक्षेच्या बरोबरीला. डिग्रीची तीन वर्षं म्हणजे लेव्हल ४, ५, ६. पण आत जे चालतं ते आपल्या बारावीसारखं अजिबात नाही.

आम्हाला होतं ते असं : अकॅडेमिक रायटिंग, बेसिक गणित-संख्याशास्त्र, बिझनेसची ओळख, डिजिटल टूल्स आणि शेवटी एक प्रोजेक्ट. गणित म्हणजे टक्केवारी, आलेख, सरासरी, थोडं प्रोबॅबिलिटी. दहावी नीट केलेल्याला अवघड काहीच नाही. डिजिटलमध्ये एक्सेल पिव्होट टेबलपर्यंत, जरासं एचटीएमएल, डेटाबेस म्हणजे काय, आणि लोकांची माहिती गोळा करताना जीडीपीआर हा माहिती-संरक्षणाचा कायदा काय म्हणतो. यात तुमच्या मुलीला जड जाईल असं मला काही दिसत नाही.

जड जातं ते लिहिणं. पहिल्या असाइनमेंटला प्रश्न होता, एका सुपरमार्केट साखळीने लॉयल्टी कार्ड का आणलं, १५०० शब्द. आमच्या बॅचच्या निम्म्या मुलांनी लॉयल्टी कार्डाची व्याख्या, फायदे, तोटे, निष्कर्ष असं गाइड छाप उत्तर उतरवलं. सगळ्यांना चाळिशीत मार्क. शेरा एकच : वर्णन केलंय, मत कुठाय? कोणत्या पुराव्यावर काय म्हणताय, त्याच्या उलट पुरावा कोणता, तरी तुम्ही याच बाजूला का, हे लिहायला आपल्याला शाळेत कुणी शिकवलेलंच नसतं. वर रेफरन्सिंग. टर्निटिन नावाचं सॉफ्टवेअर दुसरीकडून उचललेला मजकूर रंगवून दाखवतं. आता एआयचं वेगळंच. प्रत्येक असाइनमेंटवर लिहिलेलं असतं एआय कशाला वापरलं तर चालेल आणि कशाला नाही.

मार्कांचंही एक सांगून ठेवतो, घरी गैरसमज होतात. ४० ला पास. ६० ते ६९ म्हणजे 'टू-वन', नोकरीच्या जाहिराती बहुधा हेच मागतात. ७० ला फर्स्ट क्लास. माझे ६४ आले तेव्हा आई फोनवर रडायची बाकी होती आणि इकडे ट्यूटर अभिनंदन करत होता. फाउंडेशनचे मार्क डिग्रीच्या क्लासमध्ये धरत नाहीत, बऱ्याच ठिकाणी पहिल्या वर्षाचेही नाही. म्हणून काही मुलं ते वर्ष झोपून काढतात. पुढच्या वर्षात जायची अट मात्र असते आणि ती नुसत्या ४० ची असेलच असं नाही, हे ऑफर लेटरमध्ये बघा. वर्ष गेलं आणि विद्यापीठाने नाव काढलं की ते होम ऑफिसला, म्हणजे तिथल्या गृहखात्याला, कळवतात, मग व्हिसाही जातो. हजेरीवरही लक्ष असतं.

टेकडीवरचा

मी पुण्यात बीबीएला शिकवतो, त्यामुळे माझं मत पक्षपाती समजा. वरचा प्रतिसाद वाचून वाटलं, हे सगळं लिहायला शिकायचं तर लाखो रुपये आणि सात हजार किलोमीटर कशाला? एक्सेल, पॉवर बीआय, एसक्यूएल ही डेटा हाताळायची साधनं पोरगी इथे बसून शिकू शकते. २०२४ पासून बीबीए, बीसीए, बीएमएस एआयसीटीई या केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेच्या खाली आले, सीईटी लागली. पहिल्या वर्षी गोंधळ झाला, जागा रिकाम्या राहिल्या, काही कॉलेजांनी नावं बदलून बीकॉम मॅनेजमेंट स्टडीज करून टाकलं. पण जागा आहेत आणि फी त्यांच्या एका महिन्याच्या खर्चाइतकीही नाही कित्येक ठिकाणी. इथे पदवी, दोन वर्षं नोकरी, मग तिकडे एक वर्षाचं मास्टर्स. हा मार्ग जुना आहे आणि चालतो.

अर्धाकप

सर, भारतातून पदवी घेऊन मास्टर्सला आलेले खूप जण होते माझ्या ओळखीचे. एक वर्ष कधी येतं कधी जातं. सप्टेंबरला उतरायचं, ऑक्टोबरात नोकरीचे अर्ज, कारण मोठ्या कंपन्यांच्या ग्रॅज्युएट स्कीम, म्हणजे नव्या पदवीधरांची भरती, तेव्हाच उघडतात. अंगाला हवा लागायच्या आत मुलाखती. बॅचलर्सला तो वेळ मिळतो. बाकी पैशाबद्दल तुमच्याशी वाद नाही.

हिशेबनीस

बँकेतून निवृत्त झालोय, एज्युकेशन लोनचं टेबल बरीच वर्षं सांभाळलं. पैशाचं मी बोलतो. सोपं जावं म्हणून पाउंड १२० रुपये धरतो.

व्हिसासाठी राहण्याचा खर्च सध्या लंडनबाहेर महिना १,१७१ पाउंड आणि लंडनमध्ये १,५२९ दाखवावा लागतो, नऊ महिन्यांचा. म्हणजे बाहेर १०,५३९ पाउंड, साधारण १२ लाख ६५ हजार. लंडनला १३,७६१ पाउंड, साडेसोळा लाख. यात पहिल्या वर्षाची न भरलेली फी मिळवायची. ही रक्कम सलग २८ दिवस खात्यात हवी. खातं मुलीचं, किंवा आईवडिलांचं संमतिपत्र आणि जन्मदाखल्यासह. मामाच्या, काकांच्या खात्यातली रक्कम चालत नाही. दरवर्षी याच कारणाने कुणीतरी अडकतं, कारण आपल्याकडे पैसे दाखवायला आधी मामाच आठवतो. बँकेचं कर्जमंजुरीचं पत्र चालतं.

आरोग्य अधिभार, आयएचएस, विद्यार्थ्याला वर्षाला ७७६ पाउंड आणि पूर्ण मुदतीचा आगाऊ. चार वर्षांच्या कोर्सला आधीचे-नंतरचे महिने धरून व्हिसा चार वर्षांहून थोडा जास्त मिळतो. वरच्या महिन्यांचे अर्ध्या वर्षाचे पैसे धरले तर ३,४९२ पाउंड. सव्वाचार लाखांच्या आत, पण एकरकमी. लोक फी मोजतात आणि हे विसरतात.

आता मुख्य. फी वर्षाला १६,००० पाउंड धरू, जास्तही असते. एका जादा वर्षाची फी अधिक राहणं म्हणजे २६,५३९ पाउंड, सुमारे ३२ लाख. फाउंडेशन घ्यायचं की नाही या प्रश्नाची किंमत ही. चार वर्षांची बेरीज सव्वा कोटीच्या वर जाते, आणि फी दरवर्षी वाढू शकते ती वेगळी.

कर्जाची रक्कम बँकेकडूनच गेली तर टीसीएस (परदेशी पैसे पाठवताना बँक आगाऊ कापते तो कर) लागत नाही. स्वतःच्या पैशातून पाठवलेत तर आर्थिक वर्षात १० लाखांच्या वरच्या रकमेवर लागतो, तो रिटर्न भरताना वळता करता येतो. कर्जाच्या व्याजावर आयकरात सूट आठ वर्षं मिळते, पण जुन्या करप्रणालीत. घर तारण ठेवून द्यायचं असेल तर सांगलीतल्या घराचं मूल्यांकन आधी करून घ्या. मनातला आकडा आणि बँकेचा आकडा क्वचितच जुळतात.

वडाचं_पान

३२ लाख!! वाचनखूण साठवली. वहिनीला दाखवतो.

स्लाऊची_सून

आमचा मुलगा इथेच वाढला, ए-लेव्हल फसली, तो यंदा बिझनेस फाउंडेशनला आहे. इथल्या मुलांसाठी इंग्लंडमध्ये २०२५-२६ पासून वर्गात बसून शिकायच्या विषयांच्या फाउंडेशनला फीची मर्यादा ५,७६० पाउंड केलीय, त्यात बिझनेस येतं. बाकी डिग्रीला २०२५-२६ साठी ९,५३५ पर्यंत. आमचा फायदा झाला. ज्यांच्या कोर्सात बिझनेस आणि कॉम्प्युटिंग दोन्ही आहे त्यांनी फाउंडेशन कोणत्या वर्गात मोडतं ते विद्यापीठाला विचारावं. भारतातून येणाऱ्यांना मात्र ही मर्यादा लागू नाही, त्यांची फी विद्यापीठ ठरवेल ती.

सरकारला हे का करावंसं वाटलं, त्यातही शिकण्यासारखं आहे. इंग्लंडमध्ये २०११-१२ ला फाउंडेशनला प्रवेश घेणारे ८,४७० होते, २०२१-२२ ला ६९,३२५. त्यातले निम्म्याहून जास्त बिझनेस-मॅनेजमेंटचे. उच्च शिक्षणाच्या खर्चाचा आढावा घेणाऱ्या २०१९ च्या ऑगर समितीने तर गुंफलेल्या फाउंडेशनचं सरकारी अर्थसाहाय्य काढून घ्या असंच सुचवलं होतं. या वाढीचा मोठा भाग विद्यापीठाच्या नावाने दुसऱ्याच खासगी कॉलेजात शिकवल्या जाणाऱ्या कोर्सेसचा होता, आणि त्यावर २०२४ मध्ये नॅशनल ऑडिट ऑफिसने, म्हणजे तिथल्या सरकारी खर्च तपासणाऱ्या संस्थेने, ताशेरे ओढले. म्हणून लेस्टरवासींचा 'कोण शिकवतं' हा प्रश्न गंमत म्हणून घेऊ नका. ब्रोशरवर लॉन आणि ग्रंथालयाचा फोटो, आणि वर्ग एखाद्या ऑफिस बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर, असं होतं.

टेकडीवरचा

हे माहीत नव्हतं. म्हणजे त्यांचं सरकारच स्वतःच्या मुलांना म्हणतंय की या वर्षाची एवढी किंमत नाही, आणि आपण तिप्पट देणार.

लेस्टरवासी

फी कमी केली म्हणजे वर्ष निरुपयोगी ठरवलं असं नाही, सर. ज्याला दुसरं दार नाही त्याला ते दार आहे. अर्धाकपचंच बघा. पण ज्याच्यासाठी पुढचं दार उघडं आहे त्याने मागून का जावं?

आणि चार वर्षं घालवायचीच असतील तर स्कॉटलंड बघा. तिथे ऑनर्स डिग्रीच मुळात चार वर्षांची. पहिलं वर्ष विस्तृत असतं, बिझनेसबरोबर कॉम्प्युटिंगचे एक-दोन विषय घेता येतात, आणि ते वर्ष डिग्रीतच मोजलं जातं. तेवढाच काळ, पण लेव्हल ३ ला बसायचं नाही. किंवा इंग्लंडमध्येच थेट तीन वर्षं आणि मध्ये एक प्लेसमेंट वर्ष, म्हणजे वर्षभर कंपनीत काम. ज्या ३२ लाखांचा हिशेब वर आलाय, त्याऐवजी त्या वर्षात पगार मिळतो आणि विद्यापीठ फीही बरीच कमी घेतं. प्लेसमेंट आपल्याला शोधावी लागते, ती मिळेलच असं कुणी लिहून देत नाही. मिळालेल्यांना मात्र शेवटच्या वर्षात वेगळाच आत्मविश्वास असतो, आमच्याकडे येतात ती पोरं बघतो.

अवांतर : 'डिजिटल अँड टेक्नॉलॉजी सोल्युशन्स'ची डिग्री अ‍ॅप्रेंटिसशिप फुकट असते, पगारही मिळतो, असं तिच्या वाचनात येईल. ती स्टुडंट व्हिसावर येणाऱ्यांसाठी नाही. त्यात वेळ घालवू नये.

अर्धाकप

नोकरीचंही लिहितो, कारण कन्सल्टंट यावर हसून वेळ मारून नेतात. ग्रॅज्युएट व्हिसा, म्हणजे पदवीनंतर तिथे राहून काम करायला मिळतो तो, आजवर दोन वर्षांचा होता. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या बॅचलर्स-मास्टर्सवाल्यांना १८ महिनेच. काकूंची मुलगी २०२९ किंवा २०३० ला बाहेर पडणार, म्हणजे १८ धरा. पुढे राहायचं तर स्किल्ड वर्कर व्हिसा. नव्याने लागणाऱ्यांसाठीही किमान पगार सध्या ३३,४०० पाउंड, काही पदांना जास्त, आणि कंपनीकडे स्पॉन्सर लायसन्स (परदेशी माणूस नेमायचा परवाना) हवं. डेटा, बिझनेस अ‍ॅनालिसिस, सायबर सिक्युरिटी यात ही रेषा गाठता येते. सोशल मीडिया एक्झिक्युटिव्ह म्हणून लागलात तर बहुतेकदा नाही. म्हणून कोर्स निवडताना नावातल्या 'डिजिटल'ला भुलू नका, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचे विषय उघडून बघा. डेटाबेस, सिस्टिम्स अ‍ॅनालिसिस, डेटा अ‍ॅनालिटिक्स, प्रोजेक्ट मॅनेजमेंट दिसलं तर ठीक. सगळं ब्रँडिंग आणि कंटेंट असेल तर ते मार्केटिंग आहे, छान विषय आहे, पण हे नव्हे.

अजून एक, या विषयाच्या मुलांना हमखास नडणारं. स्टुडंट व्हिसावर स्वतःचा धंदा किंवा फ्रीलान्सिंग चालत नाही. ओळखीतल्या हॉटेलवाल्याची वेबसाइट पैसे घेऊन करून दिली, तरी तो नियमभंग. दुकानात पगारी नोकरी चालते.

वडाचं_पान

मग धंदा शिकायचा पण करायचा नाही. 😄

टेकडीवरचा

ताई, एवढंच घर सोडायचं असेल तर मुंबईही बघा. ब्रिस्टल, यॉर्क, अ‍ॅबर्डीन या विद्यापीठांना मुंबईत शाखा काढायला २०२५ मध्ये यूजीसीची इरादापत्रं मिळाली आहेत, साउदॅम्प्टनची गुरुग्रामची शाखा तर २०२५ लाच सुरू झाली. तिथे फाउंडेशन वगैरे काय आहे ते बघावं लागेल, आणि ६१ टक्क्यांना दार उघडेल असं मला वाटत नाही. पण व्हिसा, आयएचएस, २८ दिवस, मामाचं खातं, काही नाही.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. दिरांना आणि मिस्टरांना समोर बसवून पूर्ण धागा वाचून दाखवला. दीर ३२ लाखांवर थांबले आणि चहा मागितला.

लेकीने परवा तीन विद्यापीठांना स्वतः ईमेल केले, मार्कशीट जोडून. दोघांचं उत्तर आलं. एक म्हणतं, बोर्ड चालतं पण ६५ हवेत, म्हणून फाउंडेशनच. दुसरं, जे तिच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर होतं, ते म्हणतं ६० ला थेट पहिल्या वर्षात घेऊ, दहावीचं गणित पुरेल. आयएल्ट्स मात्र द्यावी लागेल. एफवायचे निकाल लागले की तेही पाठवा, असं लिहिलंय. कन्सल्टंटना हे सांगितलं तर म्हणाले, "ते विद्यापीठ आमच्या पॅनेलवर नाही."

आता अडलंय ते असं. पहिलं विद्यापीठ तिच्या मनात भरलंय आणि तिथल्या कोर्सात डेटाबेस, अ‍ॅनालिटिक्स जास्त आहे. दुसरीकडे डिजिटल मार्केटिंग जास्त, पण थेट प्रवेश. दोन्हीकडचे विषय खाली टाकायला तिला सांगितलंय. अर्धाकप, तू जरा बघून सांगशील का?

अर्धाकप

टाका काकू. ऑप्शनल विषय कोणते तेही टाकायला सांगा, कधीकधी मार्केटिंगवाल्या कोर्सातही एसक्यूएल ऑप्शनलमध्ये लपलेलं असतं. आणि दुसऱ्या विद्यापीठाला विचारा, पहिलं वर्ष झाल्यावर बिझनेस इन्फर्मेशन सिस्टिम्सकडे बदली मिळते का. पहिल्या वर्षाचे विषय सारखे असतील तर काही ठिकाणी देतात. व्हिसाच्या दृष्टीने त्या बदलीला काय लागतं ते तिथल्या इंटरनॅशनल ऑफिसकडून लेखी घ्या.

हिशेबनीस

आणि आयएल्ट्सची तारीख आधी घ्या.